रक्ताची साक्ष

लिंकन, सेंट मार्टिनचा दिवस, नोव्हेंबर १३५०

वॉरिनदादा,

तुझा निरोप लोकरीच्या गाडीवाल्याबरोबर पोचला. त्यानं तो आमच्या कापड रंगवायच्या रंगशाळेच्या दारात उभं राहून, घसा खाकरून, तुझा आवाज काढून म्हणून दाखवला. "हॉविस, नाताळच्या आत परत ये. दिवाणजींनी तुला माफ केलंय." बायका खो खो हसल्या. मी विचारलं, माफ कशाबद्दल? तेवढं काही त्याला पाठ नव्हतं.

म्हणून हे पत्र. मी सांगतेय आणि ब्रदर ऑस्बर्न लिहितायत. ते इथल्या मठातले भिक्षू. मरीनंतर मठात ते आणि एक म्हातारा आचारी एवढेच उरलेत, त्यामुळे बोलायला कुणी मिळालं की त्यांना बरं वाटतं. तुला वाचून दाखवणार ते आपले फादर जोसलिन. फादर, आधीच सांगून ठेवते, मध्ये काही कडू आलं तर गाळू नका. माझा भाऊ तुमच्या तोंडाकडे बघून ओळखेल.

उत्तर एवढंच आहे: मी येणार नाही.

थर्स्टन गिरणीवाल्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याचीही बायको मरीत गेली, माझाही नवरा गेला. त्याला मी हवी असेन तर त्यानं इथं यावं आणि मला विचारावं. मी नाही म्हणेन, पण निदान विचारलं तरी म्हणता येईल. गावच्या मालकानं, सर फल्कनं, गढीत बसून ठरवायचं की टिबॉल्डची विधवा थर्स्टनच्या घरी, म्हणजे दोन्ही घरांची वेठ चालू राहील, हे मला मान्य नाही. एका गोठ्यातलं दावं सोडून दुसऱ्या गोठ्यात बांधायला मी काय जनावर आहे?

इथं मी रंगारणीकडे काम करते. मालकिणीचं नाव इडोनी. तिचा नवरा आणि त्याचे सगळे कारागीर एका पंधरवड्यात गेले. मग रंगाऱ्यांच्या पंचायतीतले उरलेसुरले म्हातारे तिच्याकडे आले आणि म्हणाले, बायकांनी रंगाच्या हौदाला हात लावायचा नाही, तसा नियम आहे. ती म्हणाली, "बरं. मग पुरुष आणून द्या." ते गेले ते अजून परत आले नाहीत. आता तिथं आम्ही बायकाच आहोत. माझे हात कोपरापर्यंत निळे झालेत आणि कशानंही निघत नाहीत. वास असा की सुरुवातीला घास गिळवत नव्हता. आता जेवते, आणि भरपूर जेवते, हे वहिनीला सांग. कामाचा दिवस संपला की मालकीण हातावर मजुरी ठेवते. संध्याकाळी कुणी दार वाजवून म्हणत नाही की उद्या गढीवर नांगराला ये.

त्या आठवड्याबद्दल तू निरोपात काही बोलला नाहीस. मीही बोलत नाही.

वहिनीला आणि बाळाला माझे आशीर्वाद. तुला नाहीत.

हॉविस

(शेवटचं वाक्य लिहायला लावू नकोस, असं मी तिला दोनदा सांगून पाहिलं. — ऑस्बर्न)

लिंकन, मेणबत्त्यांचा सण, फेब्रुवारी १३५१

दादा,

मी खोड्यात बसले होते हे तुला दिवाण रेजिनल्डनं एव्हाना सांगितलं असेल, आणि मजेनं सांगितलं असेल. आता माझ्या तोंडून ऐक.

तो दोन माणसं घेऊन आला आणि पुलावर मला गाठलं. मी धुतलेल्या कापडाची टोपली घेऊन येत होते. एकानं दंड धरला. मी टोपली त्याच्या पायावर टाकली. ओलं कापड किती जड असतं ते त्याला माहीत नसावं. आरडाओरडा झाला, लोक जमले, आणि शहराच्या शिपायांनी आम्हाला सगळ्यांनाच न्यायाधिकाऱ्यापुढे नेलं. दिवाण म्हणाला, ही आमच्या सरकारांची वेठीची बाई, पळून आलीय. मी म्हटलं, मी हॉविस, रंगाचं काम करते. न्यायाधिकारी म्हणाला, वेठीचं प्रकरण राजाच्या मोठ्या न्यायाधीशापुढे चालेल, ते माझ्याकडे नाही. पण मजुरी किती घेतेस?

मी खरं सांगितलं. मालकीण देते तेवढी.

"मरीच्या आधी जी मिळायची त्यापेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे. राजाचा हुकूम तुला माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग भाव कुणी वाढवला?"

मी म्हटलं, "मेलेल्यांनी वाढवला, साहेब. त्यांना बोलवा."

तेवढ्यावर मला खोड्यात घातलं. मालकिणीला दंड झाला.

बाजाराच्या चौकात, थंडीत, पाय अडकवून बसायचं. लोकांनी चिखल नि सडकी भाजी मारायची अशी रीत आहे. एक बाई शेणाचा गोळा घेऊन आली, जरा वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "खरंच तेवढी मजुरी देतात?" मी हो म्हटलं. "आणखी बायका हव्यात का?" मी म्हटलं, दुपारनंतर येऊन विचार. आता ती माझ्या शेजारच्या हौदावर असते. दुपारी मालकीण स्वतः आली, माझ्याजवळ दगडावर बसली आणि वाटाण्याची पेज चमच्यानं मला भरवू लागली. हात मोकळे होते माझे, तरी भरवली. चौकातल्या सगळ्यांना दिसेल अशी.

मला लाज वाटली असेल असं तुला वाटत असेल. तर ऐक, वाटली. पहिला तासभर. नंतर पाय इतके गारठले की लाजेला जागा उरली नाही.

निघताना दिवाण काय म्हणाला ते तुला कळायला हवं. तो माझ्यासमोर वाकून म्हणाला, "तुझ्या रक्ताचा माणूस आणतो आणि त्याच्या तोंडून वदवतो." त्याचा अर्थ मला ब्रदर ऑस्बर्ननी समजावला. एखादा माणूस वेठीचा आहे हे सिद्ध करायचं तर मालकाचा शब्द पुरत नाही. त्याच्या रक्ताच्या नात्यातल्या पुरुषानं कोर्टात उभं राहून म्हणावं लागतं: हा माझा नातलग, आणि मी स्वतः वेठीचा आहे. मग दोघांवरही शिक्का बसतो.

ब्रदरनी विचारलं, "तुझे नातलग किती?" मी मोजायला लागले. बाबा, काका, काकाचे मुलगे, मामा, धाकटा रॉजर. सगळे चर्चमागच्या खड्ड्यात. मरीनं आपल्या घरात एकच पुरुष ठेवला, दादा. दिवाणाला दुसरं कुणी मिळणारच नाही.

तू काय करावंस ते मी सांगत नाही. मी तुझ्यापुढे हात जोडणार नाही.

हॉविस

लिंकन, ईस्टरनंतरचा रविवार, १३५१

दादा,

तुझं पत्र आलं. फादर जोसलिनचं अक्षर सुंदर आहे, असं ब्रदर ऑस्बर्न म्हणतात. मजकूर तुझाच आहे. "मी गढीचा कारभारी आहे, माझ्यावर जबाबदारी आहे. मी साक्ष दिली नाही तर माझी जमीन जाईल, सिबिल आणि पोर रस्त्यावर येतील. तू एकटी आहेस, तुला कुणी मागे नाही, तू समजून घे."

एकटी मी कशी झाले ते तुला माहीत आहे. तरी तू विषय काढलास, तर आता ऐकच. फादर, इथून पुढे दारं बंद करून वाचा.

टिबॉल्ड गेला त्या दिवशी सकाळी मी त्याला चादरीत गुंडाळला. उचलायला कुणी नव्हतं, म्हणून तो घरातच होता. माझ्या लेकीच्या, मॅबिलीच्या काखेत गाठ आली होती. तिला भाकरी जात नव्हती, पेज जात नव्हती. गायीचं दूध तेवढं ती दोन दोन घोट घ्यायची. आणि तू आलास. तोंडाला फडकं बांधून, अंगणातूनच. म्हणालास, घरातला कर्ता मेला की घरातलं उत्तम जनावर सरकारांचं होतं, पूर्वीपासूनचा रिवाज आहे, माझ्या हातात काही नाही. दावं मात्र तुझ्याच हातात होतं. बाबांच्या मागे बैल नेलास तो असाच, काकाच्या मागे मेंढ्या नेल्यास त्याही अशाच. त्या वर्षी गढीच्या गोठ्यात जागा उरली नव्हती आणि गावात दूध काढायला जनावर नव्हतं.

गाय असती तर मॅबिली जगली असती असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरी गायी होत्या त्यांचीही पोरं गेली. पण ती आणखी चार दिवस होती, आणि चारही दिवस दूध मागत होती. मी तिला पाणी देत होते आणि दूध म्हणत होते. तिला कळत होतं. ती पाच वर्षांची होती, मूर्ख नव्हती.

त्यानंतर मी पळाले असं जे तू सगळ्यांना सांगतोस ते चूक आहे. मी भर दुपारी, गढीसमोरून, चालत गेले. अडवायला कुणी नव्हतं. तुम्ही सगळे खड्डे खणत होता.

मरीनं श्रीमंत पाहिला नाही की गरीब पाहिला नाही, असं इथले पाद्री सांगतात. मरीनं नसेल पाहिलं. मागे उरलेले मात्र बघतायत. सर फल्कला वाटतं अर्धी माणसं मेली तरी जग तेवढंच राहील. उरलेल्यांनी दुप्पट वाकलं की झालं. मी नाही वाकत. कोर्टात ये. माझ्या डोळ्यात बघून जे म्हणायचं ते म्हण. मी नजर खाली करणार नाही.

हॉविस

लिंकन, सेंट स्विदिनचा दिवस, जुलै १३५१

सिबिलवहिनी,

हे पत्र तुला. दादाला गढीच्या कोठारात कोंडलंय हे गाडीवाल्यानं काल सांगितलं. कोर्टात काय झालं ते तुला धड कुणी सांगितलं नसेल. दिवाण सांगेल ते खोटं असेल, आणि तुझा नवरा सांगेल ते निम्मं असेल. म्हणून मी सांगते.

किल्ल्यावरच्या मोठ्या दालनात गर्दी होती. आमच्या रंगशाळेतल्या सगळ्या बायका निळे हात घेऊन मागे ओळीनं उभ्या होत्या. दादा दिवाणाच्या मागून आला. तू धुऊन दिलेला सदरा होता अंगात, मी ओळखला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, झालं.

न्यायाधीशांनी विचारलं, "तू कोण?"

"वॉरिन. थॉर्नबेक गावचा."

"ही बाई तुझी कोण?"

तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बहीण. एका आईची, एका बापाची."

मला वाटलं होतं, वाचवायचंच असेल तर तो म्हणेल मी हिला ओळखत नाही. रात्र रात्र मी त्याची तयारी केली होती, की तो असं म्हणाला तर आपण रडायचं नाही. त्यानं बहीण म्हटलं, म्हणजे निम्मी साक्ष झाली. दिवाण हसला.

न्यायाधीश म्हणाले, "आणि तू सर फल्कचा वेठीचा माणूस आहेस?"

दादानं दिवाणाकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "नाही."

"काय?" हे दिवाण म्हणाला, न्यायाधीश नाही.

"नाही म्हटलं. मी कुणाच्या वेठीचा नाही. माझी बहीणही नाही."

दिवाणाचं तोंड लाल झालं. "साहेब, हा माणूस शुद्धीवर नाही. याचा बाप आमच्या वेठीत मेला, आजा मेला. हे अख्खं गाव जाणतं."

"मग गावाला बोलवा," दादा म्हणाला. "चर्चमागच्या खड्ड्यात आहे. उठवून आणा."

वहिनी, तो ओरडला नाही. बाजारात धान्याचा भाव सांगावा तसा बोलला. दिवाण गढीच्या कागदांबद्दल बोलू लागला. न्यायाधीशांनी हात वर केला आणि म्हणाले, "कागद तुमच्या घरचे आहेत. कायद्याला नातलगाचं तोंड हवं, आणि तोंड तर नाही म्हणतंय. दुसरा नातलग आहे?" नव्हता. प्रकरण निकाली निघालं. मागून मालकीण इतक्या मोठ्यानं "आमेन" म्हणाली की शिपायानं तिला बाहेर काढलं.

बाहेर पायऱ्यांवर मी त्याला गाठलं. म्हटलं, "आता परत जाऊ नकोस. धरतील."

"सिबिल एकटी आहे," तो म्हणाला. "आणि जव पिकायला आलाय. मला बांधलं तर कापणार कोण? सर फल्क?"

मी हसले. मग तो खाली बघत म्हणाला, "गाय मी नेली नसती तर दुसऱ्यानं नेली असती. मी स्वतःला हेच सांगत होतो."

"नेलीच असती."

"मग दुसऱ्याला नेऊ द्यायची होती," तो म्हणाला.

मी त्याला माफ केलं असं म्हणाले नाही. खरं नव्हतं ते, अजून नाही. मी त्याच्या हातात भाकरी आणि चीज दिलं आणि वेशीपर्यंत सोबत गेले. वेशीवर त्यानं माझे हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "हे जाणारच नाही का गं कधी?" मी नाही म्हटलं. "बरं दिसतं," म्हणाला आणि निघाला.

तर वहिनी, आता तुझ्याकडे येते. तू दिवाणाच्या पाया पडायला गेली होतीस असं गाडीवाला सांगत होता. एकदा गेलीस, ठीक आहे. पुन्हा जाऊ नकोस. ज्याच्या शेतात पीक उभं आहे आणि ज्याच्याकडे माणसं नाहीत, त्यानं तुझ्या पाया पडायचे दिवस आहेत हे. कोठारात तुझा नवरा एकटा आहे, पण बाहेर विळे किती आहेत ते एकदा मोजून बघ. प्रत्येक विळा कुणाच्या तरी हातात आहे, आणि ते हात आता थोडे आहेत. थोडं असलं की महाग होतं. हे मला खोड्यात बसून कळलं, तुला घरबसल्या सांगते.

घाबरलीस तर घाबर. घाबरूनही करता येतं.

तुझी नणंद,
हॉविस

लिंकन, लामासच्या सणानंतरचा मंगळवार, ऑगस्ट १३५१

दादा, वहिनी,

गाडीवाला आज रंगशाळेत बसून सगळं सांगत होता. आम्ही हौद सोडून ऐकत होतो, मालकीणसुद्धा. एक अख्खा तागा जास्तच गडद झाला. तिनं तो पाहिला आणि म्हणाली, याला नवीन रंग म्हणून विकू.

वहिनी, तू शेताच्या बांधावर मांडीवर विळा घेऊन बसलीस. दिवाण घोड्यावरून म्हणाला, उठ, कापायला लाग. आणि तू म्हणालीस, "आधी माझा नवरा, मग तुमचा जव." हे तू म्हणालीस? माझ्या लग्नात कोंबडी अंगावर आली म्हणून रडलेली तू? गाडीवाला शपथेवर सांगतो की दुपारपर्यंत सगळ्या बायका तुझ्याशेजारी येऊन बसल्या आणि संध्याकाळपर्यंत पुरुषही. त्याहून मोठं नवल थर्स्टनचं. त्यानं गिरणीचं चाक थांबवलं आणि दिवाणाला सांगितलं की पाणी कमी आहे. ओढा दुथडी भरून वाहत होता म्हणे. त्याला माझा नमस्कार सांगा. लग्न नाही करणार, पण नमस्कार सांगा.

जव वाकायला लागला, वर ढग आले, आणि चौथ्या दिवशी सर फल्कनं कोठाराचं दार उघडलं. दादा, तू दाढी वाढलेला, कोठारातल्या भुशानं पांढरा, बाहेर आलास आणि घरी न जाता तिथंच उभं राहून म्हणालास की यापुढे वेठ नाही. जमिनीचा खंड घ्या, जसा ठरेल तसा, पण गढीवरचा नांगर आम्ही फुकट धरणार नाही. आणि सरकार म्हणाले, विचार करू. विचार करू म्हणजे हो नव्हे, हे तुलाही कळतं. दिवाण अजून दिवाणच आहे. राजाचा मजुरीचा कायदा तसाच आहे. गेल्याच आठवड्यात एका सुताराला त्याच खोड्यात बसवलं. तुझी कारभारकी गेली. पुढचा हिवाळा तुम्हाला जड जाईल, आणि मरी पुन्हा येणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही. हे सगळं मला दिसतंय. तरी त्या गढीपुढे थॉर्नबेकमध्ये कुणी "नाही" म्हणालं आणि जिवंत घरी गेलं, असं बाबांनी कधी ऐकलं नव्हतं.

तू विचारलंस, आता तरी येशील का. गाडीवाल्यानं हेही तुझ्याच आवाजात विचारलं.

येते. मालकिणीनं सुगीपुरती सुट्टी दिलीय. दोघी जणी माझ्याबरोबर येतायत, त्यातली एक ती शेणाच्या गोळ्याची बाई, कापणीत तिचा हात पुरुषाला ऐकत नाही. ब्रदर ऑस्बर्न म्हणतात, आडवाटेनं जा, दिवाणाची माणसं रस्त्यावर असतील. त्यांना मी काय उत्तर दिलं ते त्यांनी लिहायला नकार दिलाय.

आम्ही हमरस्त्यानं येऊ. तुमच्या दारात थांबणार नाही आधी. मॅबिलीला आणि टिबॉल्डला ठेवलंय तिथं जाईन, थोडी बसेन, तेव्हा माझ्यामागे कुणी येऊ नका. मग सरळ गढीच्या फाटकापुढे जाऊन उभी राहीन, विळा खांद्यावर, बाह्या वर सारलेल्या, आणि दिवाणाला हाक मारीन: कापायला तीन बाया आल्यात. बोला, काय देता?

हॉविस